लाइट लागल्यावर गाडी खरंच किती जाते?

ओली_माती
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे नागपूरला. पुण्याहून दोन गाड्या निघतायत, आमची पेट्रोल स्विफ्ट आणि सासऱ्यांची जुनी डिझेल बोलेरो. नगरवरून संभाजीनगर गाठायचं आणि तिथून समृद्धीला लागायचं असं ठरलंय. बरोबर दोन लहान मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई.

घरात यावरून वाद पेटलाय. दीर म्हणतो, इंधन कमी झाल्याची लाइट लागली तरी गाडी शंभर किलोमीटर बिनघोर जाते. सासरे म्हणतात, वीसच्या पुढे भरवसा धरू नका. नवऱ्याच्या मते स्क्रीनवर जो आकडा येतो तोच खरा. तिघंही ठाम आहेत. "पंप दिसला की भरा" हे मी करणारच आहे, त्यामुळे तेवढंच सांगू नका प्लीज. आकडा नेमका कुठून येतो आणि कशाने बदलतो, ते मला समजून घ्यायचंय.

वैदर्भीय
ताई, नागपुरात स्वागत आहे. माझ्या गाडीची लाइट लागल्यावर ७०-८० आरामात जाते. घाबरायचं काही कारण नाही.

हिरवीगार
आमची ४० वर गचके द्यायला लागली होती. गाडी तीच, रस्ता मात्र ताम्हिणीचा.

पाना_दहा_बारा
वैदर्भीय आणि हिरवीगार, दोघांचंही बरोबर आहे. गॅरेजमध्ये रोज हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रिझर्व्हबद्दल. जुन्या मोटारसायकलींना आणि स्कूटरना टाकीखाली कॉक असायचा. गाडी बंद पडली की तो फिरवायचा, मग तळातलं राखून ठेवलेलं पेट्रोल यायचं. कारमध्ये असलं काही नसतं. एकच टाकी, एकच पंप. टाकीत एका दांडीवर फ्लोट असतो, पेट्रोल उतरलं की तो उतरतो आणि त्यावरून सुई हलते. ठरावीक पातळीखाली गेला की लाइट लागते. ती पातळी कंपनी ठरवते आणि मॉडेलगणिक वेगळी असते. बहुतेक हॅचबॅकमध्ये लाइट लागते तेव्हा पाच-सहा लिटर शिल्लक असतं. मोठ्या टाकीच्या गाड्यांत जास्त.

पण हे सगळं पेट्रोल तुमचं नाही. तळातलं शेवटचं लिटर-दीड लिटर पंपाला सलग मिळत नाही. वळणावर, चढावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून पाच लिटर शिल्लक असेल तर हिशेबात साडेतीनच धरा.

आता त्या साडेतीन लिटरला तुमचं ॲव्हरेज लावा, कंपनीच्या जाहिरातीतलं नको. स्विफ्ट ८० च्या संथ वेगाने २० देत असेल तर ७० किलोमीटर. हे झाले वैदर्भीय. पुण्यात सिंहगड रोडला संध्याकाळी एसी लावून ११ देत असेल तर ४० सुद्धा नाही. घाटात चढ लागला तर आणखी कमी. या झाल्या हिरवीगार.

समृद्धीवर सगळ्यात जास्त फसगत होते ती वेगामुळे. तिथे कारला १२० ची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १२० ला सव्वादोनपट. रस्ता सपाट, सिग्नल नाही, गिअर बदलायला नको, म्हणून माणसाला वाटतं की ॲव्हरेज मस्त पडत असेल. प्रत्यक्षात गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, टपावर कॅरिअर आणि काटा १२० वर असेल तर १३-१४ च्या वर जात नाही. साडेतीन गुणिले चौदा, एकोणपन्नास. तुमच्या दिरांच्या शंभराचा निम्मा.

माझ्यापुरतं उत्तर असं: लाइट लागल्यावर ३० किलोमीटरच्या आत पंप नक्की आहे हे माहीत असेल तर निवांत राहा. तेवढं माहीत नसेल तर लाइट लागायची वेळच येऊ देऊ नका.

ओली_माती
खूप धन्यवाद दादा. मग स्क्रीनवरचा आकडा? आमच्या गाडीत "अमुक किमी जाईल" असं दाखवते. नवरा त्यावरच विसंबून आहे.

पाना_दहा_बारा
तो आकडा दोन गोष्टींवरून निघतो. टाकीत किती आहे याचा गाडीचा अंदाज, आणि मागच्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही कशी चालवलीत. पुढचा रस्ता त्याला माहीत नसतो. तुम्ही लोणावळ्याहून खाली खोपोलीला उतरा, आकडा वाढलेला दिसेल, कारण उतारावर इंजिनाने काही खाल्लेलंच नाही. उलटं चढून आलात तर बघता बघता वीस-पंचवीसने कमी होईल. संभाजीनगरपर्यंत ७०-८० ने गेलात तर तो आकडा त्या चालीचा आहे. समृद्धीला चढून १२० धरलंत की तोच आकडा पन्नास किलोमीटर अंतरात सत्तरने उतरताना दिसेल.

बऱ्याच गाड्या अगदी शेवटी आकडा दाखवायचाच बंद करतात, नुसत्या रेघा येतात. त्या रेघा म्हणजे गाडीने अंदाज सोडला.

घाटवाट
आणखी एक. सुई वरच्या अर्ध्या भागात रेंगाळते आणि खालच्या अर्ध्यात भराभर उतरते, हे अनेक गाड्यांत होतं. टाकी काही चौकोनी डबा नसते. मागच्या सीटखाली, एक्झॉस्टच्या बाजूने, मिळेल त्या जागेत बसवलेली वेडीवाकडी असते. "अर्धी टाकी आहे" म्हणजे निम्मं पेट्रोल आहे असं धरू नये.

आणि उतारावर गाडी लावली की विझलेली लाइट पाहून खूश होऊ नका. सपाटीवर आली की पुन्हा लागते.

कोपरगावकर
पेट्रोल कमी असेल तर उतारावर न्यूट्रल टाकायची. मी कसाऱ्याला नेहमी करतो. बरंच वाचतं.

पाना_दहा_बारा
कोपरगावकर, हात जोडून विनंती, हे करू नका.

कार्बोरेटरच्या काळात यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, म्हणून आरपीएम फार खाली येईपर्यंत पेट्रोल लागतच नाही. न्यूट्रल टाकलीत की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं. ज्या बचतीसाठी हे करता तीच होत नाही.

वर इंजिन ब्रेकिंग गेलं. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि कसाऱ्याच्या उतारावर पेडल मऊ पडायला लागतं. चावी बंद करून उतरणारे महाभागही मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, मग पेडल लाकडासारखं घट्ट होतं. स्टेअरिंगही जड होतं. पेट्रोल कितीही महाग असो, हे करायचं नाही.

हिरवीगार
+१. आमच्या सोसायटीतल्या नव्या चालकांना हे सक्तीने वाचायला देणार आहे.

कोपरगावकर
इंजेक्टर पेट्रोल तोडतो हे माहीत नव्हतं. स्क्रीनवर चालू ॲव्हरेज येतं माझ्या गाडीत, उतारावर गिअरमध्ये ठेवून बघतो.

पाना_दहा_बारा
जरूर बघा. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर पट्टी शेवटपर्यंत जाईल. न्यूट्रलला तशी जाणार नाही.

खाडीकिनारा
सीएनजीवाल्यांसाठी लिहिते. आमची कंपनी फिटेड सीएनजी आहे, मुंबई ते चिपळूण जाणंयेणं असतं. सीएनजी स्वस्त म्हणून लोक पेट्रोलची टाकी कायम लाइटवर ठेवतात. आमच्या ओळखीत एकाचा पेट्रोल पंप यानेच गेला. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग सीएनजीला जातात, म्हणजे रोज सकाळी थोडं पेट्रोल लागतंच. टाटाच्या आयसीएनजी गाड्या थेट सीएनजीवर सुरू होतात, पण म्हणून त्यांची पेट्रोल टाकी कोरडी ठेवावी असं मुळीच नाही. कोकणात उतरलं की सीएनजीचे पंप विरळ, असले तर रांग, आणि रांगेत नंबर लागल्यावर प्रेशर नाही. तेव्हा पेट्रोलच घरी पोचवतं. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून थोडी गाडी पेट्रोलवर चालवा.

ओली_माती
पंप जातो म्हणजे नेमकं काय होतं? लाइटवर चालवल्याने गाडीचं नुकसान होतं हे खरंय का? दीर म्हणतो ही गॅरेजवाल्यांची भीती आहे.

पाना_दहा_बारा
दिरांना हे वाचून दाखवा :)

पेट्रोल गाडीचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून असतो. विहिरीतल्या पाणबुडी मोटरचंच गणित: भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. पातळी खाली गेली की पंप अर्धा उघडा पडतो, तापतो. एखाद्या दिवशी लाइटवर चालवलीत तर काही होत नाही. रोज दोनशेचं पेट्रोल टाकून लाइटवरच चालवायची सवय असेल, त्यात एप्रिल-मेचं ऊन, तर त्याचं आयुष्य कमी होतं.

या उन्हाळ्यात एक गाडी टो होऊन आली. मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं, पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाचा जाळीचा मोजा, म्हणजे फिल्टर, काळा पडलेला, वायरिंगचा कपलर तापून पिवळट आणि एका बाजूने मऊ होऊन वाकलेला. टाकीत जेमतेम दोन बोटं पेट्रोल. गाडी गावातल्या गावातच फिरणारी, लांबचा प्रवास असा काही झालेलाच नाही. पूर्ण युनिट बदलावं लागलं आणि बिल काही हजारांत गेलं. तेवढ्यात किती तरी वेळा टाकी भरली असती.

"तळातला कचरा वर येतो" हे मात्र मला पटत नाही. पंप पहिल्या दिवसापासून तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असो की रिकामी. कचरा असेल तर तो आधीपासूनच जाळीवर येत असतो.

आणि पूर्ण संपेपर्यंत चालवली तर शेवटी हवा आणि पेट्रोल आलटून पालटून येतं, इंजिन मिसफायर करतं, न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवतं. ते बदलायचं तर पंपापेक्षा बरंच महाग. गचके बसायला लागले की रेटू नका, बाजूला घ्या.

म्युनिकमधून
इथे ऑटोबानवर गरजेशिवाय थांबायलाच बंदी आहे, आणि इंधन संपणं ही अडचण मानत नाहीत, चालकाचा निष्काळजीपणा मानतात. दंड होतो. सुरुवातीला मला हे फार कडक वाटायचं. पण कडेला उभ्या गाडीशेजारून ट्रक जातो तेव्हा गाडी हलते, ते एकदा अनुभवलं की नियम पटतो. समृद्धीबद्दलही हेच म्हणेन.

घाटवाट
म्युनिकमधून, फार महत्त्वाचं बोललात. समृद्धीवर प्रश्न पेट्रोलचा कमी आणि उभं राहण्याचा जास्त. कोणी झोपेत असतो, कोणी मोबाइलवर. कडेला उभी असलेली गाडी १२० च्या वेगात फार उशिरा लक्षात येते.

ताई, वेळ आलीच तर: गचका जाणवताच इंडिकेटर देऊन डावीकडे या, वेग आहे तोवरच जमेल तितकं बाहेर घ्या. चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होतं. पार्किंगचे चारही दिवे लावा. सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, आत्याबाईंनाही. गाडीत बसून वाट बघू नका. त्रिकोण बराच मागे ठेवा. मग फोन करा. ११२ कुठेही चालतो. महामार्गाची हेल्पलाइन कडेच्या पाट्यांवर दिसली की सोबतच्या माणसाने लगेच फोनमध्ये टाकून ठेवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे, पण समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची, त्यामुळे तो त्यासाठी नाही. गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर त्यात बहुतेक वेळा थोडं इंधन आणून देण्याची सोय असते, निघण्याआधी पॉलिसी उघडून बघा.

दौंडचा_सारथी
मी ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. ताईंची बोलेरो डिझेल आहे, तिच्यावर कोणी बोललंच नाही.

पेट्रोल गाडी संपून बंद पडली तर पाच लिटर टाकलं, दोन-चारदा चावी ऑन-ऑफ केली की निघते. डिझेलचं तसं नाही. लाइनमध्ये एअर धरते. मग कितीही सेल्फ मारा, गाडी घेत नाही आणि बॅटरी मात्र बसते. जुन्या गाड्यांना डिझेल फिल्टरवर हातपंप असतो, काळा रबरी फुगा किंवा दाबायचं बटण. आधी डिझेल टाकायचं, मग तो दाबत राहायचं. सुरुवातीला अगदी हलका लागतो. फिल्टरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला केला तर फसफस करत बुडबुडे येतात. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट. मग पंप हाताला कडक लागतो, अंगठा दुखेल इतका. तोवर सेल्फ मारायचा नाही. सासऱ्यांना हे नक्की माहीत असणार, जुने चालक आहेत.

पाना_दहा_बारा
दौंडचा_सारथी, एक नंबर. नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांबद्दल एवढंच जोडतो की तिथला हाय प्रेशर पंप हजार-दीड हजार बारच्या वर दाबाने काम करतो आणि त्याचं वंगण डिझेलच आहे. कोरडा फिरला की आत घासतो, त्याचा बारीक कीस इंजेक्टरपर्यंत जातो. डिझेल गाडी संपेपर्यंत चालवणं पेट्रोलपेक्षा कितीतरी महागात पडतं. तिथे सासऱ्यांचे वीस किलोमीटरच बरोबर.

कोपरगावकर
हल्लीच्या इथेनॉलमुळे पण रेंज कमी झालीय का? मला तरी जाणवतं.

घाटवाट
होतेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. आता २० टक्के मिश्रण आहे. ज्या चारचाकी १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या आहेत त्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के उतरेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय. २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना घट बरीच कमी. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाने आठ-दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचा आकडा आज वापरू नये. शिवाय इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहणारी गाडी रिकाम्या टाकीने ठेवू नये, ती मोकळी जागा दमट हवेने भरते.

ओली_माती
माझ्या गाडीचा स्वतःचा आकडा कसा काढू? घरच्या तिघांनाही तो मान्य व्हायला हवा.

पाना_दहा_बारा
सोपं आहे, फक्त पंप जवळ असताना करा. नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखी चालवा. लाइट लागली की त्याच पंपावर जाऊन पुन्हा कट होईपर्यंत भरा. किती बसलं ते टाकीच्या क्षमतेतून वजा करा. तुमच्या पिढीच्या स्विफ्टची टाकी ३७ लिटरची आहे. उरलं ते लाइटनंतरचं पेट्रोल. त्यातून दीड लिटर पंपासाठी सोडा. ट्रिप मीटरला बसलेल्या लिटरने भागा, ते ॲव्हरेज. दोन्हींचा गुणाकार करा. समृद्धीसाठी त्यातून चौथा हिस्सा कमी करा. कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून वर ओतू देऊ नका, हिशेब बिघडतो.

वैदर्भीय
ताई, रस्त्याचं मी सांगतो, माझं नेहमीचं येणंजाणं आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला तेव्हा दूरदूरवर पंप नव्हते, चहासुद्धा मिळायचा नाही. जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे आणि सोयी वाढल्यात, तरी गावागणिक पंप असणारा हा रस्ता नव्हे. मनात आलं म्हणून कुठेही खाली उतरता येत नाही, इंटरचेंज यावा लागतो, आणि उतरल्यावर गावातला पंप शोधायचा. पंप दिसला आणि विरुद्ध बाजूला असला तर त्याचा उपयोग नाही, मधून वळता येत नाही.

संभाजीनगरला शहरातच दोन्ही गाड्या फुल्ल करा, मग सावंगीच्या इंटरचेंजला समृद्धीवर चढा. तिथून नागपूर चारशेच्या वर आहे. ३७ लिटरला १३ धरलं तरी निघतं, पण फार थोडं उरतं. म्हणून शंभराच्या आसपास चालवा आणि मध्ये जालना किंवा सिंदखेडराजा गेल्यावर जिथे मुलांना उतरवाल तिथेच पुन्हा टाकी वर करा. माझे वरचे ७०-८० किलोमीटर ताशी ८० च्या चालीचेच आहेत, पाना दादांचा हिशेब बरोबर आहे.

ओली_माती
मंडळी, मोजलं. लाइट घरापासून जवळच लागली, लगेच पंपावर नेली. ३१.४ लिटर बसलं. म्हणजे ५.६ शिल्लक, दीड सोडून ४.१. ॲव्हरेज शहर-हायवे मिळून १५.२ आलं. गुणाकार ६२, चौथा हिस्सा काढून ४६-४७. घरात तिघांनाही कागद दाखवला. दीर बराच वेळ कागद बघत होता, मग म्हणाला पुढची टाकी मी मोजतो.

सासऱ्यांनी हातपंपाचं वाचून बोलेरोचं बॉनेट उघडलं. त्यांच्या गाडीचा फुगा कडक होऊन चिरलाय. निघण्याआधी बदलायला टाकतो आहोत.

दौंडचा_सारथी
बरं झालं बघितलंत. त्यासोबत दोन्ही बाजूचे क्लिप पण नवीन घ्या, जुने क्लिप नव्या रबरावर नीट आवळत नाहीत आणि तिथूनच एअर घेते. डिझेल फिल्टर किती जुना आहे तेही बघून टाका, उघडलंच आहे तर.